तीन ठिपक्यांचं दार

मिस्तरी, जाताना तुम्ही आमची फार फजिती केलीत. चौघांनी तुम्हाला बाजेवरून उचललं, दारापर्यंत आणलं, आणि तुमचं ते गल्लीत गाजलेलं दार नेहमीप्रमाणे अर्ध्यावर येऊन अडलं. आधीच श्रावण, त्यात आठ दिवसांची झड. एकाने खांदा लावला, दुसऱ्याने हळूच लाथ घातली. मागून कुणी तरी म्हणालं, "तिरपं करा, तिरपं!" पुढच्याने विचारलं, "काकाला का दाराला?" तुम्हाला पुन्हा आत बाजेवर ठेवलं. तुमच्या मुलाने, संतोषने तुमच्याच पेटीतला पेचकस शोधला, बिजागऱ्या खोलल्या, दार उचलून अंगणात भिंतीला आडवं टेकवलं, आणि मग कुठे तुम्ही निघालात. चाळीस वर्षं जालन्यातल्या लोकांची दारं बसवलेला माणूस स्वतःच्या दाराने अडवला.

मी रडत होतो, खोटं कशाला सांगू. पण रडता रडता मला हसू फुटलं. ते लपवायला मी उपरण्यात तोंड खुपसलं, तर लोकांना वाटलं सर फारच हळवे आहेत. दोघांनी पाठीवरून हात फिरवला. गेली अकरा वर्षं मी तुम्हाला सांगत होतो ना, की मिस्तरी, हे दार एक दिवस तुम्हालाच अडवणार? तुम्ही नुसते हसायचात आणि विडीची राख झटकायचात. माझं म्हणणं इतकं खरं व्हावं असं मला कधी वाटलं नव्हतं.

तुमच्या दाराला मी नावं ठेवायचो ती माझ्या दाराच्या जोरावर, हे तुम्हाला ठाऊक आहे. माझ्या आयुष्यात मी स्वतः निवडलेल्या आणि शेवटपर्यंत चांगल्या निघालेल्या गोष्टी दोनच. एक आमची सुमन आणि दुसरं आमच्या घराच्या दाराचं लाकूड. त्यातही सुमनचं म्हणणं असं की निवडलं तिने. म्हणजे हिशेबाला उरलं फक्त दार. ते मात्र माझं होतं. शहागडला एकट्याने जाऊन, पारखून आणलेलं. बनवलं तुम्ही, पण लाकूड सरांचं, असं तुम्हीच चारचौघांत सांगायचात.

आता त्या लाकडाविषयीच तुमच्याशी बोलायचं आहे. पण मी गणिताचा मास्तर, पायऱ्या सोडून उत्तर लिहिलेलं मला चालत नाही.

तुमची माझी गाठ पडली ती शाळेच्या कंपासामुळे. फळ्यावर वर्तुळं काढायचा तो मोठा लाकडी कंपास, त्याचा एक पाय मोडला होता आणि मी तो काखोटीला मारून मस्तगडात तुमच्या दुकानात आलो. दुकान म्हणजे वर दोन पत्रे, खाली भुसा आणि मधे तुम्ही. तुम्ही कंपास उलटा धरलात, एक डोळा मिटलात आणि म्हणालात, "ह्यो पाय दोन सूत आखूड हे सर, मोडायच्या आधीपासून."

म्हणजे बारा वर्षं मी पोरांना शिकवत होतो आणि आमचा कंपासच लंगडा होता. मी जरा दुखावून विचारलं, "सूत म्हणजे किती?"

"इंचाचा आठवा हिस्सा."

"म्हणजे तीन पूर्णांक एकशे पंचाहत्तर सहस्रांश मिलिमीटर."

तुम्ही रंधा खाली ठेवलात. माझ्याकडे बराच वेळ बघितलंत. "आन ते वरचं एकशे पंचाहत्तर मी कुठं ठिवू, सर? पेन्सिलीचं टोकच तेवढं जाड हे."

हा वाद आपण सत्तावीस वर्षं चालवला आणि तो मिटला नाही. माझं म्हणणं, मापात अंदाज नको. तुमचं म्हणणं, लाकूड सकाळी एक असतं आणि दुपारी दुसरं, मग मिलिमीटर सकाळचा लावायचा का दुपारचा? याला माझ्याकडे अजून उत्तर नाही, पण म्हणून तुमचं बरोबर होतं असं समजू नका.

दुसऱ्या दिवशी मी दोनशे पानी वही घेऊन आलो आणि पहिल्या पानावर लिहिलं, 'लाकडाचे शब्द'. तेव्हापासून शाळा सुटली की सायकल तुमच्याकडे. सुमनला आधी वाटलं मी पत्ते खेळायला लागलोय. खरं कळल्यावर ती म्हणाली, त्यापेक्षा पत्ते बरे होते, चार माणसं तरी घरी आली असती.

काय काय सांगायचात तुम्ही! तुमचे वडील धावड्याकडे मेंढरं राखायचे. तुम्ही पोरवयात काठी सोडून करवत धरलीत, पण बोलणं मेंढरांचंच राहिलं. खोडाच्या आतलं गडद, जून लाकूड म्हणजे नार, बाहेरचं पांढरं ते कच्चं. मी विचारलं, फरक काय? तुम्ही म्हणालात, "नार म्हंजी जुनी मेंढी, सर. चार उन्हाळे काढलेली. पांढरं म्हंजी कोकरू. दिसायला गोड, पर किडा पहिले त्यालाच धरतो." मी ते जसंच्या तसं वहीत लिहून घेतलं.

मग गाठी. फांदी जिथून फुटते तिथे लाकडात गाठ राहते. एक जिवंत गाठ, ती लाकडाला धरून असते, रंधा मारला की उलट चमकते. दुसरी मेलेली. तिच्याभोवती काळी रेघ असते, आणि ती आज ना उद्या निखळून पडते आणि फळीला भोक ठेवून जाते. तुम्ही एकदा फळीतली अशी गाठ अंगठ्याने ढकलून पाडलीत आणि त्या भोकातून माझ्याकडे बघून डोळा मारलात. चाळिशी ओलांडलेला माणूस आणि हे चाळे.

आणि पीळ. फळी सपाट फरशीवर ठेवली की तीन कोपरे टेकतात आणि चौथा वर राहतो, तो पीळ. "वाक असला तर रंध्यानं निघतो सर. पीळ निघत न्हाई. त्याला सांभाळून घ्यावं लागतं." मी वहीत पिळाच्या पुढे कंसात उदाहरण म्हणून आमच्या मुख्याध्यापकांचं नाव लिहिलं. तुम्हाला ते वाचून दाखवल्यावर तुम्ही इतके हसलात की गिऱ्हाईक परत गेलं.

फक्त एक गोष्ट तुम्ही मला कधी करू दिली नाहीत. रंध्याला हात लावला की म्हणायचात, "सर, तुम्ही शब्द धरा, रंधा मी धरतो." सत्तावीस वर्षांत एक फळी, अर्धी फळीसुद्धा मला मिळाली नाही. मी तुमच्या हाती खडू दिला होता की नाही? तुम्ही माझ्या वहीच्या पुठ्ठ्यावर त्या खडूने मेंढी काढलीत. ती डुकरासारखी दिसत होती, पण मी बोललो नाही.

त्या मेंढीवरूनच खुणेचा विषय निघाला. तुमच्याकडे प्रत्येक कळपाची खूण वेगळी, कुणी कानाला चीर देतं, कुणी पाठीवर रंगाचा पट्टा ओढतं. तुम्ही तोच रिवाज लाकडाला लावला होता. वखारीत माल निवडला की तिथल्या तिथे त्याच्या टोकाला आपली खूण करायची, नाही तर गाडीत चढताना आपलं लाकूड राहतं आणि दुसरंच घरी येतं. "रंग पुसत्यात, खडू झटकत्यात. खिळा घ्या आन ठोका. टोकाला, आडव्या कापावर. तिथं रंधा फिरत न्हाई, खूण जल्मभर ऱ्हाती." तुमची खूण वडिलांचीच, मेंढराच्या कानावरची, दोन तिरप्या चिरा. मी विचार करून माझी खूण ठरवली. तीन ठिपके, वर एक, खाली दोन. गणितात त्याचा अर्थ 'म्हणून'. तुम्ही विचारलंत, "म्हणून काय?" मी म्हणालो, पुढे उत्तर येतं. तुम्ही म्हणालात, उत्तर आल्यावर सांगा.

मग आमचं घर बांधायला निघालं. चौकट तुम्ही आधीच बसवली होती, दाराचं लाकूड घ्यायचं राहिलं होतं, आणि नेमके तुम्ही भाच्याच्या लग्नाला धावड्याला गेलात. त्याच वेळी कुणी तरी सांगितलं की शहागडला हायवेवर सागवानाचा ट्रक उतरलाय, जल्दी गेलात तर चांगला माल मिळेल. मी म्हणालो, जातो. सुमन म्हणाली, "मिस्तरीला येऊ द्या. वांगे आणायला धाडलं तर तुम्ही किडके आणता, आन लाकूड आणायला निघालेत!" मिस्तरी, त्या वांग्यांनी घात केला. मी वही काखेत मारली आणि निघालो. जाताना दारातून सांगून गेलो, की या घराचं दार माझ्या निवडीचं नसेल तर माझं नाव बदला.

शहागडचा तो गृहस्थ फार गोड बोलणारा होता. मी गेल्या गेल्या सगळे शब्द काढले. म्हटलं, नार दाखवा, पांढरं नको. मेलेली गाठ नको. पीळ तर बिलकुल नको. तो उठून उभा राहिला. "सर, तुम्हाला तर सगळंच कळतं! तुमच्यासारखं गिऱ्हाईक म्हंजी आमची परीक्षाच." माझी छाती इतकी फुगली की वहीला जागा राहिली नाही. त्याने माणसांना हाक मारली, फळ्या एकेक करून माझ्यापुढे फिरवल्या. आज कळतंय, मी जो जो शब्द उच्चारला तो तो त्याने झाकला. तेव्हा मात्र मला सगळीकडे गडद, तेलकट नार दिसलं. उचलून बघितलं तर वजन असं की कंबर लचकावी. मी मनात म्हणालो, याला म्हणतात लाकूड.

मग मी खिळा आणि दगड घेऊन प्रत्येक नगाच्या टोकाला तीन ठिपके ठोकत बसलो. हमाल भोवती उभे. एकाने विचारलं, "हे काय करून राह्यले, सर?" मी सांगितलं, ह्याला 'म्हणून' म्हणतात. तो म्हणाला, "म्हणून काय?" जालना जिल्ह्यात हा एकच प्रश्न सगळ्यांना सुचतो असं दिसतं.

तुम्ही धावड्याहून आलात आणि आमच्या अंगणात लाकूड बघायला उकिडवे बसलात. मला तो दिवस अगदी लख्ख आठवतो. सुमन दारात उभी. मी तुमच्या मागे, परीक्षेचा निकाल लागायच्या आधी पोरं उभी राहतात तसा. तुम्ही एक फळी उचललीत, ठेवलीत. वास घेतलात. नखाने कोपऱ्यावर जरा खरवडलंत आणि नख पंच्याला पुसलंत. मग टोकावरचे तीन ठिपके बघितलेत, एकदा माझ्याकडे बघितलंत, एकदा सुमनकडे.

"लई भारी आणलं, सर," तुम्ही म्हणालात. "मी दुकानावर नेतो. हितं काम करायला जागा न्हाई."

जागा होती, मिस्तरी. ढीगभर जागा होती. पण 'लई भारी' ऐकल्यावर मला पुढचं काही ऐकूच आलं नाही.

वास्तुशांतीच्या आधी दार बसलं. काय दार होतं! अजून आहे. एका बोटाने ढकला, आवाज न करता जाऊन मिटतं. अकरा पावसाळे झाले, एक सूतसुद्धा हललं नाही. मी पाहुण्यांना आधी दार दाखवायचो, मग पाणी. चहाच्या हॉटेलात विषय काहीही निघो, मी तो शहागडपर्यंत आणायचो. मी बोलायला लागलो की सगळे चहा ढवळायला लागायचे. साखर कधीच विरघळलेली असायची तरी ढवळायचे. मला वाटायचं, लोक किती लक्ष देऊन ऐकतात.

आणि त्याच सुमाराला तुम्ही स्वतःच्या घरालाही नवं दार लावलंत. ते पहिल्याच पावसात फुगलं, दिवाळीनंतर आटलं, उन्हाळ्यात चिरलं. दरवर्षी तुम्ही त्याला रंधा मारायचात आणि दरवर्षी ते नवीन ठिकाणी घासायचं. मी काय काय बोललो त्या दाराला! म्हटलं, मिस्तरी, लोकांना सागवान आणि घरी सरपण? म्हटलं, निवडायला मला का नेलं नाहीत? तुम्ही म्हणायचात, "चुकलंच सर." एकदा तर मी तुम्हाला लाकूड कसं निवडावं यावर अर्धा तास शिकवलं. तुम्ही मान डोलवत ऐकलंत, आणि शेवटी एवढंच म्हणालात, "सर, ते वलं-सुकं एकदा वहीत लिहून घ्या. वलं लाकूड वजनावर कसं वळखायचं ते."

मी म्हटलं, "त्याची गरज नाही मिस्तरी. ते मला येतं."

तुम्ही हे मला तीन-चारदा तरी म्हणाला होतात. वहीत 'ओलं-सुकं' असा मथळा आहे. खाली पान कोरं आहे.

आता नवव्या दिवसाचं सांगतो. मी तुमच्या घरी बसायला गेलो होतो. वहिनी अंगणात सुपात तांदूळ निवडत होत्या. माझ्यासाठी खुर्ची टाकली ती भिंतीशी, दार जिथे आडवं टेकवलं होतं त्याच्या बाजूला. दाराची वरची कड माझ्या कोपराशी आली होती. संतोष प्लास्टिकचं नवं दार घेऊन आला होता. पांढरंफटक, त्यावर फुलं छापलेली. त्याचा अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्यांचा धंदा चांगला चाललाय, तुम्ही उगाच काळजी करायचात. तो म्हणाला, "सर, आजच बसवून टाकतो. हे जुनं सकाळी भंगारवाला नेईल." वहिनी तांदूळ निवडत राहिल्या. मीही म्हणणार होतो की ने बाबा, मिस्तरींना फार छळलं ह्याने. म्हणून मी दारावर हात टेकला आणि माझ्या बोटाला खड्डा लागला. मग दुसरा. मग तिसरा. वर एक, खाली दोन.

मिस्तरी, मी चष्मा पुसला. परत बघितलं. उभ्या फळीच्या टोकाला, आडव्या कापावर, माझा खिळा. बाजूच्या फळीला पण तेच.

"वहिनी," मी म्हटलं, "ही खूण इथं कशी?"

वहिनींनी वर बघितलं नाही. "तुमचीच हे ना ती?"

"माझीच आहे. म्हणून तर विचारतो."

"मंग लाकूड बी तुमचंच हे, सर. शहागडचं."

संतोष एकदम घरात गेला. त्यालाही माहीत होतं तर. वहिनींनी सूप बाजूला ठेवलं. "ते लाकूड आल्तं तवा हे दोन दिस बराबर जेवले न्हाईत. म्हणले, वलं हे, निम्मं पांढरं, वरून गेरू आन तेल चोळलंय. ह्याचं दार केलं तर पाऊस पडला की सर घरातच कोंडून ऱ्हाईल, आन बाई आयुष्यभर बोलंल. मंग आपल्या दारासाठी वाळवून ठिवलेलं सागवान होतं माळ्यावर. ते तुमच्याकडं गेलं. तुमचं आपल्याकडं आलं."

माझ्या तोंडून आधी काय निघालं असेल? "मग मला सांगितलं का नाही?" आणि तेही रागाने. नऊ दिवसांच्या दुखवट्याच्या घरात मी वहिनींवर आवाज चढवला. तुमचा मास्तर असा आहे.

वहिनी शांतपणे म्हणाल्या, "म्या बी तेच म्हणलं त्यायला. तर म्हणले, सांगितलं तर सर वही मिटील. पुन्हा इचारायला यायचा न्हाई. पोरगा इचारत न्हाई, गिऱ्हाइकाला फकस्त कवा देता ते पाह्यजे. एक सरच हे इचारणारा. एका दारापायी इचारणारा माणूस कामून घालवू?"

 मग मी खुणेचं विचारलं. एवढं लपवायचं होतं तर ती कापून टाकायला काय झालं होतं?

"दुसऱ्या टोकाकून कापलं मुद्दाम," वहिनी म्हणाल्या. "म्हणले, दुसऱ्याच्या जनावराची खूण आपुन काढू न्हाई. सांभाळायला आणलंय. आपलं झालं न्हाई."

तुम्ही अकरा वर्षं माझं लाकूड सांभाळलंत, मिस्तरी. खांदा लावून आत जात, खांदा लावून बाहेर येत. आणि वर माझी भाषणं ऐकलीत.

संतोष पाणी घेऊन बाहेर आला तेव्हा मी त्याला म्हटलं, "हे दार भंगारात जाणार नाही. रंधा आण."

"कोण मारणार रंधा? मला लाकडाचं जमत न्हाई, सर."

"मी मारतो."

नऊ दिवसांत तो पहिल्यांदा हसला. वहिनीही पदराआड हसल्या, मला दिसलं. पण त्या उठल्या आणि तुमचा रंधा स्वतः घेऊन आल्या. मूठ तुमच्या तळव्याने इतकी गुळगुळीत झालेली की माझा हात घसरला. दार आडवं धरलं, संतोषने पाय लावला, मी अंगातलं सगळं बळ काढून पहिला हात मारला. कर्रकन् आवाज आला आणि बोटभर ढलपी उचकटली.

वहीत आहे हे. सतराव्या पानावर, माझ्याच अक्षरात: रेघ कुठे चढते ते बघावं, रंधा रेघेच्या कलाने चालवावा, उलटा चालवला की लाकूड उचकटतं. सगळं पाठ आहे मला. हाताला कुणी सांगितलंच नव्हतं. आता कळलं तुम्ही मला रंध्याला हात का लावू देत नव्हता. लाकडाची दया येत होती तुम्हाला.

मग मी पलीकडच्या बाजूला गेलो आणि दमाने मारला. पातळ, गोल साल निघाली आणि माझ्या पायावर पडली. वास आला. अकरा वर्षांनी का होईना, त्या लबाड लाकडाला सागवानाचा वास होता. थोडं तरी नार होतं हो त्यात, मिस्तरी. निम्मं पांढरं तुम्ही म्हणालात, म्हणजे निम्मं नार. हा वाद मी सोडणार नाही.

पाच वाजेपर्यंत दार परत बिजागऱ्यांवर चढलं. एका माणसाला एका हाताने मिटता येतं. खालचा कोपरा अजून घासतो, तो पीळ आहे, तो निघायचा नाही. खुणेच्या टोकाला मी हात लावला नाही. प्लास्टिकचं दार संतोषने परत टेम्पोत घातलं आणि जाता जाता मला विचारलं, "सर, हे रेघ बघायचं कसं अस्तं?" मी म्हटलं, ये उद्या. वही घेऊन ये.

घरी आलो तर अंगभर भुसा. सुमनने विचारलं काय झालं. मी स्टूल ओढलं, आमच्या दारापाशी लावलं आणि चढलो. अकरा वर्षांत मी त्या दाराला तेल लावलं, पुसलं, पाहुण्यांना दाखवलं, पण त्याच्या वरच्या कडेवर काय आहे ते कधी बघितलं नव्हतं. धूळ होती. ती बोटाने सारली. खाली दोन तिरप्या चिरा होत्या.

सुमन स्टूल धरून उभी होती. खालूनच म्हणाली, "आत्ता दिसलं व्हय?"

मी वरून विचारलं, "तुला माहीत होतं?"

"वास्तुशांतीच्या दिवसापासून. मिस्तरी सैपाकघरात येऊन हात जोडून उभे राह्यले. म्हणले, वहिनी, सराला बोलू नका. तुमचं वांग्याचं सगळं खरं हे, पर लाकडाचं बोलू नका."

अकरा वर्षं, मिस्तरी. सुमनच्या पोटात अकरा वर्षं एक गोष्ट राहिली. माझा तिच्याशी संसार चाळीस वर्षांचा, तिला गप्प ठेवणं मला कधी जमलं नाही. मी स्टुलावरून उतरलो आणि तिथेच उंबऱ्यावर बसलो. तीही बसली. आमच्या मागे तुमचं दार उघडं होतं. चहा ढवळणारे सगळे जे जाणत होते ते मला शेवटी कळलं होतं, आणि मला लाज वाटायला हवी होती, पण मला तुमची इतकी आठवण आली की लाजेला जागा राहिली नाही. मी मोठ्याने रडलो. या वेळी हसू आलं नाही.

तुम्ही मला नीट ओळखत होतात यात शंका नाही. वास घेऊन, उचलून, नखाने खरवडून. पण एका बाबतीत तुमची पारख चुकली, आणि ती आज तरी मला सांगू द्या. तुम्ही मला तेव्हाच सांगितलं असतंत की सर, लाकूड वलं हे, तुम्हाला फसवलं, तर मी चिडलो असतो, खरं आहे. तुम्हालाच चार शब्द बोललो असतो. आठ दिवस मस्तगडाच्या रस्त्याने गेलो नसतो, लांबच्या वाटेने शाळेत गेलो असतो आणि सुमनने वाढलेली वांगी गुपचूप खाल्ली असती. नवव्या दिवशी वही घेऊन तुमच्या पत्र्याखाली येऊन बसलो असतो, आणि विचारलं असतं की मिस्तरी, ओलं लाकूड वजनावरून कसं ओळखायचं. तेवढं एक पान कोरं राहिलं नसतं.

मी आलो असतो, मिस्तरी.